महासागरावरील विमानमार्ग व पर्यायी विमानतळ

सान फ्रान्सिस्को आणि होनोलुलू यांमधील अंतर सुमारे ३,८५० किलोमीटर आहे आणि या अंतरात एकही बेट नाही. पॅसिफिक महासागराच्या नकाशावर बेटांचे असंख्य ठिपके विखुरलेले दिसतात खरे. परंतु ते बहुतेक सारे हवाईच्या पश्चिमेस व दक्षिणेस आहेत. ईशान्येकडील या विस्तीर्ण पट्ट्यात विमानास टेकण्यापुरतीही जमीन नाही. आज या पट्ट्यावरून दोन इंजिनांची प्रवासी विमाने रोज ये-जा करतात आणि त्यांतील प्रवाशांस आपल्याखाली पाच तास केवळ पाणीच आहे याची फारशी जाणीवही नसते. ही निश्चिंतता सहजासहजी लाभलेली नाही. महासागर ओलांडणाऱ्या विमानाचा मार्ग, त्याने बरोबर घ्यावयाचे इंधन, एवढेच नव्हे तर त्याने त्या दिवशी उड्डाण करावे की नाही हेही पुष्कळ अंशी अशा ठिकाणांवरून ठरते, की ज्या ठिकाणी जाण्याचा त्याचा मुळी हेतूच नसतो. ही ठिकाणे म्हणजे पर्यायी विमानतळ होत. मिडवे, शेम्या, कोल्ड बे, लाजेस, कोकोस ही त्यांपैकी काही नावे. सामान्य प्रवाशाच्या कानी ती क्वचितच पडतात.

अशा ठिकाणांची गरज किती निकडीची असू शकते हे समजण्यासाठी १९५६ सालची एक घटना पाहणे उपयुक्त ठरेल. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी पॅन अमेरिकन कंपनीचे चार इंजिनांचे एक स्ट्रॅटोक्रूझर विमान ३१ माणसे घेऊन होनोलुलूहून सान फ्रान्सिस्कोकडे चालले होते. रात्री अर्धी वाट संपण्याच्या सुमारास त्याचे एक इंजिन बेफाम वेगाने फिरू लागले आणि त्याचा पंखा कोणत्याही उपायाने थांबेना. त्या पंख्याच्या विरोधामुळे विमानाचा वेग घटला व इंधनाचा खप वाढला. पुढे आणखी एक इंजिन निकामी झाले. आता होनोलुलूस परतणे अशक्य आणि सान फ्रान्सिस्को गाठणेही अशक्य, अशी स्थिती आली. परंतु त्या काळी महासागरात ठराविक जागी हवामान-निरीक्षणासाठी जहाजे उभी असत, आणि ‘नोव्हेंबर’ या ठाण्यावर अमेरिकन तटरक्षक दलाचे ‘पॉन्टचारट्रेन’ हे जहाज नेमके या मार्गाच्या मध्यभागी होते. वैमानिकाने त्या जहाजाभोवती पहाट होईपर्यंत घिरट्या घातल्या, उजाडल्यावर विमान समुद्रावर उतरविले, आणि ते बुडण्यापूर्वी सर्व ३१ जणांस जहाजावरील माणसांनी वाचविले. वैमानिकाचे कौशल्य यात वादातीत आहे. पण जहाज तेथे होते म्हणूनच त्या कौशल्याचा उपयोग झाला, हेही तितकेच खरे. जमीन नसलेल्या ठिकाणी जहाजाने पर्यायी विमानतळाचे काम केले, असेच म्हणावे लागेल. १९७० च्या दशकात ही ठाणी बंद झाली. कृत्रिम उपग्रहांमुळे हवामानाची माहिती मिळण्यास त्यांची जरुरी उरली नव्हती आणि जेट विमानांस त्यांच्या आधाराची गरज भासत नव्हती.

पिस्टन इंजिनांच्या त्या काळात इंजिन बंद पडणे ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हती. म्हणून १९५३ साली अमेरिकेत असा नियम झाला की, दोन अथवा तीन इंजिनांच्या प्रवासी विमानाने आपल्या मार्गावर कोठेही असताना, एक इंजिन बंद पडलेल्या अवस्थेत, योग्य अशा विमानतळापासून साठ मिनिटांहून अधिक दूर जाऊ नये. १९६४ साली तीन जेट इंजिनांच्या विमानांस यातून सूट मिळाली. चार इंजिनांची विमाने तर या बंधनाबाहेरच होती. याचा परिणाम असा झाला की पुढील वीस वर्षे महासागरांवर तीन व चार इंजिनांच्या विमानांचेच राज्य राहिले. दोन इंजिनांच्या विमानास अटलांटिक ओलांडावयाचा तर आइसलँड व ग्रीनलँड यांच्या कडेकडेने वळसा घालीत जावे लागे.

साठ मिनिटे म्हणजे नेमके किती, याची कल्पना अरबी समुद्रावरून सहज येईल. एका इंजिनावर चालणारे मोठे जेट विमान ताशी सुमारे ७५० किलोमीटर जाते असे धरू. मुंबईहून नैरोबीकडे सरळ रेषेत निघालेले विमान सुमारे १,१०० किलोमीटर गेल्यावर अशा जागी येते की, तेथून मुंबई, गोवा आणि ओमानमधील सलाला हे तिन्ही विमानतळ हजार किलोमीटरहून अधिक दूर राहतात. मस्कत त्याहूनही लांब. म्हणजे जो समुद्र कोकणातील तांडेलास शतकानुशतके घरच्यासारखा वाटत आला, तोदेखील साठ मिनिटांच्या नियमाने सरळ ओलांडता येत नाही. मग पॅसिफिकची कथा काय सांगावी?

जेट इंजिनांची विश्वसनीयता जसजशी अनुभवास आली तसतसा हा नियम जाचक वाटू लागला. १९८५ साली अमेरिकन अधिकाऱ्यांनी ठराविक अटींवर ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत वाढविण्याची वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी ट्रान्स वर्ल्ड कंपनीची बोइंग ७६७ विमाने वाढीव मर्यादेच्या आधारे अटलांटिकवरून जाऊ लागली. १९८८ साली १८० मिनिटांची तरतूद झाली. या दोन आकड्यांतील फरक सान फ्रान्सिस्को-होनोलुलू मार्गावर स्पष्ट दिसतो. दोन्ही टोकांभोवती १२० मिनिटांची, म्हणजे १,५०० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे काढली तर मध्ये साडेआठशे किलोमीटरचा पट्टा उघडाच राहतो; १८० मिनिटांची वर्तुळे मात्र एकमेकांत शिरतात आणि मार्ग पुरा झाकला जातो. त्यानंतर बोइंग ७७७ या विमानास १९९५ साली सेवेत येतानाच १८० मिनिटांची मान्यता मिळाली आणि २०१४ साली युरोपीय अधिकाऱ्यांनी एअरबस ए-३५० या जातीस ३७० मिनिटांपर्यंत मान्यता दिली. सहा तासांहून अधिक काळ एकाच इंजिनावर! १९५३ च्या नियमकर्त्यांस हे वाचून हसू आले असते.

तथापि ही सवलत नुसत्या विमानाच्या जातीस मिळत नाही. ते चालविणाऱ्या कंपनीसही ती मिळवावी लागते आणि टिकवावी लागते. १२० मिनिटांसाठी इंजिन बंद पडण्याचे प्रमाण दर हजार इंजिन-तासांस ०.०५ च्या आसपास, तर १८० मिनिटांसाठी ०.०२ च्या आत असावे लागते. म्हणजे सरासरीने पन्नास हजार तासांत एकदा. एक इंजिन बंद पडल्यावर उरलेल्या वेळात दुसरेही स्वतंत्र कारणाने बंद पडण्याचा संभव मग अत्यल्प होतो. येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन्ही इंजिनांस एकाच वेळी एकाच माणसाचा हात लागला आणि त्याच्याकडून एकच चूक दोन्हीकडे झाली, तर संभाव्यतेचे सारे गणित कोलमडते. म्हणून अशा विमानांच्या देखभालीत एकाच तंत्रज्ञाने एकाच खेपेस दोन्ही इंजिनांवर सारखे काम करू नये असा दंडक आहे. गणितापेक्षा हा साधा दंडकच अधिक शहाणपणाचा वाटतो.

आता मार्गावरील गणिताकडे वळू. महासागरावरील प्रत्येक टप्प्यात असा एक बिंदू असतो की, जेथून पुढील विमानतळ गाठण्यास व मागील विमानतळाकडे परतण्यास सारखाच वेळ लागतो. त्यास समकालबिंदू म्हणता येईल. वारा नसता तर तो ठीक मध्यावर पडला असता. परंतु सान फ्रान्सिस्कोहून होनोलुलूकडे जाताना पश्चिमेचा वारा ताशी १०० किलोमीटरने समोरून येत आहे असे समजू. एका इंजिनावर विमानाची हवेतील गती ७५० किलोमीटर. तर पुढे जाताना जमिनीच्या मानाने ती ६५० आणि मागे फिरताना ८५० होईल. ३,८५० किलोमीटरांस याच प्रमाणात विभागले म्हणजे समकालबिंदू सान फ्रान्सिस्कोपासून सुमारे २,१८० किलोमीटरवर, म्हणजे मध्यापासून अडीचशे किलोमीटर होनोलुलूच्या बाजूस सरकतो. तेथून दोन्हीकडे सारखीच १५४ मिनिटे लागतात. एका किलोमीटराने अलीकडे असलेल्या विमानाने परत फिरावे, पलीकडे असलेल्याने पुढे जावे. वैमानिकास ऐन प्रसंगी विचार करीत बसावे लागू नये म्हणून हा बिंदू उड्डाणापूर्वीच त्या दिवसाच्या वाऱ्यांवरून काढून नकाशावर मांडलेला असतो.

मर्यादेची मिनिटे ही वारा नसलेल्या हवेतील मिनिटे आहेत, हे मात्र विसरता कामा नये. वास्तवात वारा असतोच. मार्च २००३ मध्ये ऑकलंडहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या युनायटेड कंपनीच्या बोइंग ७७७ विमानाचे एक इंजिन बंद करावे लागले. ते विमान सुमारे तीन तास एकाच इंजिनावर चालून हवाई बेटावरील कोना येथे सुखरूप उतरले. नियमातील सर्वात कठीण कल्पना प्रत्यक्षात खरी ठरल्याचे हे ठळक उदाहरण होय.

इंजिन बंद पडणे हाच सर्वात मोठा धोका अशी सामान्य समजूत असते. इंधनाचा हिशोब करणाऱ्यास मात्र दुसऱ्याच गोष्टीची अधिक धास्ती असते. विमानातील हवेचा दाब एकाएकी नाहीसा झाला तर प्रवाशांस श्वास घेता यावा म्हणून विमानास सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते. खालच्या दाट हवेत जेट इंजिने फार इंधन खातात. म्हणून समकालबिंदूवर दाब गेला, किंवा दाब व एक इंजिन दोन्ही एकदम गेले, तरी पर्यायी विमानतळ गाठता यावा, आणि तेही पंखांवर बर्फ साचण्याचा संभव धरून, एवढे इंधन निघतानाच घ्यावे लागते. बहुधा ते कधीच लागत नाही. रोज ते वाहून न्यावे मात्र लागते. सामानाच्या कप्प्यात आग लागल्यास ती दाबून ठेवणारी यंत्रणा किती वेळ टिकते हीदेखील एक मर्यादा आहे. पर्यायी विमानतळ गाठून वर पंधरा मिनिटे उरतील इतका वेळ ती टिकली पाहिजे.

हे सर्व झाले विमानाविषयी. परंतु वर्तुळाच्या केंद्रस्थानी जो विमानतळ असतो त्याची स्थिती काय, हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाही. आणि त्याचे उत्तर कोणत्याही सूत्रातून निघत नाही. तेथे पुरेशी लांब व भक्कम धावपट्टी हवी, रात्री दिवे लागले पाहिजेत, आग विझविणारे पथक हवे, संदेशवहन हवे, आणि विमान तेथे पोहोचू शकेल त्या साऱ्या कालावधीत हवामान ठीक राहण्याचा अंदाज हवा. नेहमीच्या उतरण्यासाठी जेवढे ढग व धुके चालते त्याहून पुष्कळ चांगले हवामान नियोजनाच्या वेळी अपेक्षिलेले असते, कारण तीन तासांनी ते बिघडू शकते. निघाल्यावर जर अंदाज बदलला तर किनाऱ्याचा आधार सोडण्यापूर्वीच वैमानिकास दुसरा पर्याय निवडावा लागतो.

मिडवे बेटांचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. १९३५ साली पॅन अमेरिकनच्या उडत्या नौकांनी पॅसिफिक ओलांडण्यास प्रारंभ केला तेव्हा त्यांचा एक मुक्काम येथे असे. १९४२ च्या जूनमधील नाविक युद्धाने हे नाव जगभर झाले. १९९३ साली तेथील नाविक तळ बंद झाला व बेटे वन्यजीव-संरक्षणाच्या खात्याकडे गेली. आज तेथे माणसे मोजकी असून आल्बट्रॉस पक्ष्यांची जगातील सर्वात मोठी वसाहत आहे. या पक्ष्यांच्या मुक्कामाच्या महिन्यांत नित्याची विमाने रात्रीच येतात, कारण दिवसा आकाश पक्ष्यांनी भरलेले असते. तरीही तेथील सुमारे २,४०० मीटरची धावपट्टी अमेरिकन हवाई खात्याच्या पैशाने सज्ज ठेवली जाते. जून २०११ मध्ये होनोलुलूहून ओसाकाला जाणारे डेल्टा कंपनीचे बोइंग ७४७ विमान समोरच्या काचेस तडा गेल्यामुळे साडेतीनशेहून अधिक प्रवाशांसह येथे उतरले. उतरताना त्यास पक्षी धडकलेच. जुलै २०१४ मध्ये होनोलुलूहून ग्वामला निघालेले एक बोइंग ७७७ याच धावपट्टीवर आले. वर्षानुवर्षे जेथे कोणी उतरत नाही तेथे आगीचा बंब धुऊनपुसून ठेवावा लागतो तो अशा दिवसासाठी.

सर्वच धावपट्ट्यांचे भाग्य असे नाही. हवाईच्या नैर्ऋत्येस असलेल्या जॉन्स्टन बेटावर मोठी धावपट्टी होती. रासायनिक शस्त्रे नष्ट करण्याचे तेथील काम संपल्यावर एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माणसे निघून गेली व विमानतळ बंद झाला. वरून पाहणाऱ्यास ती पट्टी अद्यापही दिसते. परंतु दिवा, बंब व माणूस यांवाचून पट्टी म्हणजे केवळ एक खूण होय. दक्षिण अटलांटिकमधील ॲसेन्शन बेटावरची धावपट्टी २०१७ साली इतकी खराब झाली की मोठ्या विमानांस ती वर्ज्य करावी लागली आणि फॉकलंड बेटांकडे जाणाऱ्या ब्रिटिश विमानांस दुसऱ्या वाटेने जावे लागले. तिच्या पुनर्बांधणीस काही वर्षे लागली. एका बेटावरील डांबर उखडले म्हणजे हजारो किलोमीटर दूरचे मार्ग बदलतात, हे भूगोलाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

उत्तर पॅसिफिकमध्ये स्थिती थोडी बरी आहे, आणि त्याचे श्रेय युद्धास द्यावे लागते. अलास्काच्या टोकाकडील कोल्ड बे येथे वस्ती अगदी थोडी. धावपट्टी मात्र तीन किलोमीटरहून लांब, दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. अल्यूशियन मालिकेच्या पश्चिम टोकाशी असलेले शेम्या बेटही लष्करी ठाणेच. २४ डिसेंबर २०१८ रोजी बीजिंगहून सिअ‍ॅटलला जाणारे एक विमान इंजिनातील बिघाडामुळे या वादळी, धुकट बेटावर उतरले. पूर्व पॅसिफिकमध्ये ईस्टर बेट आहे. चिलीच्या सान्तियागोपासून ते सुमारे ३,७५० किलोमीटरवर असून जवळपास दुसरा कोणताही विमानतळ नाही. तेथील धावपट्टी १९८७ साली अमेरिकन अवकाश-यानास आपत्काळी उतरता यावे म्हणून लांबविण्यात आली. यान तेथे कधीच उतरले नाही. फायदा विमानांचा झाला. परंतु पट्टी एकच. एखादे विमान तिच्यावर बंद पडून राहिले तर मागून येणाऱ्यास जागाच नाही. म्हणून पहिले विमान उतरल्याखेरीज दुसऱ्याने परतीची मर्यादा ओलांडावयाची नाही, असा तेथे प्रघात आहे. दक्षिण हिंदी महासागरात तर एवढाही आधार नाही. केर्गेलेन बेटावर शास्त्रज्ञांचे ठाणे आहे, पण धावपट्टी नाही; तेथे जहाजानेच जावे लागते. सिडनी-जोहान्सबर्ग मार्गावर क्वांटास कंपनीने दीर्घकाळ चार इंजिनांचे बोइंग ७४७ वापरले त्याचे कारण याच रिक्त प्रदेशात सापडते.

नियमांच्या चौकटीत न बसणारे प्रसंगही येतात. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरोंटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-३३० विमानातील इंधन गळून गेले व अटलांटिकवर दोन्ही इंजिने एकापाठोपाठ थांबली. सुमारे एकोणीस मिनिटे ते विमान घारीसारखे तरंगत अझोर्समधील लाजेस येथे उतरले. ३०६ जणांपैकी कोणीही दगावले नाही. त्या रात्री वाहतुकीच्या गर्दीमुळे त्यास नेहमीपेक्षा दक्षिणेकडचा मार्ग मिळाला होता आणि त्यामुळेच ते अझोर्सच्या अधिक जवळ होते. हा केवळ दैवयोग होता. तथापि लाजेस येथील लांब पट्टी व तिचे रात्रीचे दिवे हा दैवयोग नव्हता.

विमान खाली उतरले म्हणजे प्रश्न संपला, असे पूर्वी मानले जाई. तीनशे माणसे कडाक्याच्या थंडीत शंभर वस्तीच्या गावी उतरली तर त्यांस निवारा व अन्न कोण देणार, याचा विचार पुढे होऊ लागला. २००७ च्या अमेरिकन नियमांनी ध्रुवीय मार्गांसाठी व १८० मिनिटांपलीकडच्या मर्यादेसाठी प्रवाशांस तेथून परत आणण्याची योजना आधीच तयार ठेवणे आवश्यक केले. या योजनेची कसोटी किती बाजूंनी लागते हे ६ जून २०२३ च्या प्रसंगी भारतीय प्रवाशांस अनुभवास आले. दिल्लीहून सान फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७७७ विमान एका इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेस, ओखोत्स्क समुद्राच्या किनारी असलेल्या मगदान येथे उतरले. त्यात २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. युक्रेनमधील युद्धामुळे रशियावर निर्बंध जारी होते; अमेरिकन बनावटीच्या विमानाचे व अमेरिकन नागरिकांचे तेथे उतरणे म्हणूनच वॉशिंग्टनमध्येही चिंतेचा विषय झाले. मगदानमध्ये कंपनीचा एकही माणूस नव्हता. हॉटेलांत जागा अपुरी म्हणून पुष्कळांची सोय वसतिगृहांत व शाळेत करावी लागली. भाषा कळत नव्हती, जेवण परके होते आणि वृद्धांची औषधे विमानातील सामानात राहिली असण्याचा संभव होता. तांत्रिक दृष्ट्या हे उतरणे निर्दोष होते. पुढचे सारे मात्र स्थानिक लोकांच्या सौजन्यावर व दोन-तीन देशांच्या परवानग्यांवर अवलंबून राहिले. ७ जून रोजी मुंबईहून दुसरे विमान खाद्यपदार्थ व इतर आवश्यक साहित्य घेऊन मगदानला निघाले, आणि त्याच विमानाने ते प्रवासी ८ जून रोजी सान फ्रान्सिस्कोस पोहोचले.